लक्ष्मणरावांचे बत्तीस एकर

स्मरणिका समितीच्या मुलांनी मला जिन्यातच गाठलं आणि काका, तुम्ही बँकेत होता, तर उद्योगधंद्यावर काहीतरी लिहा, असा हुकूम सोडला. (मुलं म्हणजे आपली चाळिशी ओलांडलेली मुलं!) मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत होतो आणि त्यातली बरीच वर्षं लघुउद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर काढली, हे खरं. पण विकसनशील देशात उद्योजक कसा घडतो, कोणत्या गोष्टींवर धंदा चालतो किंवा बुडतो, असा लेख आकडे आणि तक्ते देऊन लिहिला तर तो कोण वाचणार? स्मरणिका हातात आली की आपण सगळे आधी आपला फोटो शोधतो. म्हणून म्हटलं, सरळ एका माणसाची हकीकत सांगावी. नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे. आपल्या पंप रूमच्या दारातून रोज जाणाऱ्यांना तर नक्कीच.

लक्ष्मणराव किर्लोस्करच का, याला कारण आहे. गेल्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर गच्चीवर मंडळी बसली होती. आपल्याच एका विंगमधला मुलगा चांगली नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर शेड भाड्याने घेतोय, मशीन टाकतोय, अशी बातमी निघाली. त्यावर आम्ही ज्येष्ठ मंडळींनी काय करावं? मराठी माणसाला धंदा जमत नाही, तो रक्तातच असावा लागतो, हा ठराव जवळजवळ एकमताने पास केला. मुलाचे वडील तिथेच बसले होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मी तेव्हा एवढंच म्हणालो की रक्ताचा रिपोर्ट आमच्या बँकेने कधी मागितला नाही. पण हे वाक्य हशात गेलं आणि माझं म्हणणं राहूनच गेलं. ते इथे मांडतो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. घर सनातनी वळणाचं, शिकून सरकारी नोकरी धरावी अशी अपेक्षा असणारं. धंद्याचा वारसा म्हणाल तर काहीच नाही. लक्ष्मणचं शाळेत लक्ष नव्हतं, त्याला नाद दोन गोष्टींचा: चित्रं आणि यंत्रं. घरच्यांच्या मनाविरुद्ध तो १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की काही रंग त्याला नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा! म्हणजे तिथला कारभार संपला. पण रेषा पक्की होती, आणि यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाही. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायची नोकरी लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १८८७ साली ती संस्था निघाली नसती तर? खेड्यातून आलेल्या, पदवी नसलेल्या मुलाला वाफेचं इंजिन, लेथ, ड्रिलिंग मशीन हात लावून बघायला दुसरीकडे कुठे मिळणार होतं? कर्तबगारी माणसाची असते हे मान्य, पण ती ज्या भिंतीला वेल लावतो तसं काहीतरी धरून वर जाते. भिंत दुसऱ्या कोणीतरी बांधलेली असते.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. त्या काळी सायकल म्हणजे आजच्या परदेशी गाडीसारखीच चैनीची वस्तू. त्यांनी मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवायला सुरुवात केली. रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. १८८८ पासूनच्या या सायकलच्या धंद्याचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होतं त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. नोकरी चालू ठेवून शेजारी एक छोटा धंदा, दोन भावांत मिळून, कमी भांडवलात. आजही मी कोणी सल्ला विचारला तर हाच क्रम सांगतो.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली आणि लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. अशी वेळ आपल्यातल्या कितीतरी जणांवर येते. बहुतेक जण चडफडतात आणि दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करतात, कारण घरचे हप्ते असतात. लक्ष्मणरावांच्या बाजूला बेळगावचं दुकान होतं, भाऊ होता. राजीनाम्याला ताठ कणा लागतो तसाच त्याच्यामागे एखादा भाऊही लागतो.

बेळगावात त्यांनी छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शिकवायला कोणी गुरू नव्हता, परदेशी मासिकं आणि कॅटलॉग वाचून, आयात नांगर समोर ठेवून, मोडून-जोडून हे शिक्षण चाललं.

आता नांगराची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा धडा त्यातच आहे.

लोखंडी नांगर जमीन नुसती उकरत नाही, मातीचं ढेकूळ उलटं करतो, तण मुळासकट वर काढतो. आपल्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा किती चिवट असतो हे ज्यांचं गाव आहे त्यांना सांगायला नको. म्हणजे वस्तू उत्तम, गरज खरी, आयात मालापेक्षा जवळचा कारखाना. प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणून माझ्या टेबलावर आला असता तर मागणीच्या रकान्यात मीसुद्धा अमाप असंच लिहिलं असतं. प्रत्यक्षात काय झालं? शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमीन विषारी होते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! आपण त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होतो, पण मला ते पटत नाही. त्याच्याकडे एकच रान, एकच हंगाम. प्रयोग फसला तर वर्षभर घरात खायचं काय? गरीब माणूस नवीन वस्तू घेत नाही याचं कारण अज्ञान कमी आणि चुकण्याची ऐपत नसणं जास्त. आणि शेतकरी जाहिरात वाचून नांगर घेत नसतो, शेजाऱ्याचं पीक बघून घेतो. शेजाऱ्याने घ्यावा तर त्यालाही आपल्या शेजाऱ्याचं बघायचं असतं. हा गुंता सुटायला वेळ लागतो. तेवढा वेळ कारखानदाराला कोणीतरी जगवावं लागतं, खरी मेख तिथे आहे. आमच्याकडे कर्जाचा पहिला हप्ता सुरू व्हायला साधारण सहा महिने ते वर्षाची सवलत मिळायची. लक्ष्मणरावांचं खातं त्या हिशेबाने नांगर विकायच्या आधीच थकीत झालं असतं.

मग ते तगले कशावर? सायकलीचं दुकान होतं, कडबा कापायच्या यंत्राला थोडंफार गिऱ्हाईक होतं, घरची माणसं पगार न मागता राबत होती. एकत्र कुटुंब म्हणजे त्या काळची विमा कंपनी आणि सहकारी बँक दोन्ही. त्याच्या जाचाबद्दल आपल्या आया-आज्यांनी भरपूर सांगितलंय, ते खोटं नाही. पण पहिल्या पिढीच्या उद्योजकाला दोन तोट्याची वर्षं तारून नेण्याची व्यवस्था दुसरीकडे कुठेच नव्हती. त्या वेळच्या बँका व्यापाऱ्याला हुंडीवर, मालावर थोड्या मुदतीचा पैसा देत. कारखान्याला दहा वर्षांच्या बोलीने कर्ज देणारी संस्था या देशात निघाली स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, औद्योगिक वित्त महामंडळाच्या रूपाने. राज्य वित्तीय महामंडळांचा कायदा तर १९५१ चा.

याच सुमारास, १९०५ नंतर, स्वदेशीची चळवळ पेटली होती. ठिकठिकाणी वर्गणी काढून कारखाने निघत होते, तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना त्यातलाच. त्या वातावरणाने तरुण मुलं कारखान्यांकडे वळली, हा फायदा मोठा. पण स्वदेशी म्हणून कोणी कमी दर्जाचा नांगर दोनदा घेत नाही. फाळ दगडाला लागून तुटला तर देशभक्ती बांधावरच राहते. सरकारचं म्हणाल तर परदेशी माल जवळजवळ मोकळेपणाने येत होता, आणि परक्या सरकारला इथल्या नांगराची काळजी असायचं कारणही नव्हतं. लक्ष्मणरावांनी हे ओळखलं होतं की टिकायचं असेल तर विलायती मालाच्या तोडीचाच माल द्यावा लागेल. ओतकामात, पोलादाचा पोत सुधारण्यात त्यांची बरीच वर्षं गेली.

आणि नेमका माल जरा खपू लागला तेव्हा घाव आला भलत्याच बाजूने. बेळगावात शहराच्या वाढीसाठी नवी वसाहत व्हायची होती आणि तिच्यासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. भट्टी, यंत्रं, कारागीर, सगळं घेऊन जायचं कुठे?

माझ्या नोकरीतला एक प्रसंग इथे सांगतो, नावगाव काही देत नाही. एका तरुण जोडप्याचं छोटं युनिट होतं. कर्ज मंजूर, मशीन आलं, ऑर्डर हातात. वीजजोडणी मिळायला नऊ महिने लागले. तोपर्यंत ऑर्डर गेली, व्याज मात्र चढत राहिलं. मशीन शेवटी ताडपत्रीखालून विकलं गेलं. आमच्या फाईलमध्ये कारण काय लिहिलं गेलं असेल? व्यवस्थापनाचा अभाव. असे शेरे मी शेकड्याने वाचलेत. छोटा कारखाना बुडतो तेव्हा मालकाचा दोष पटकन दिसतो, कारण मालक समोर बसलेला असतो. जागा, वीज, रस्ता, परवाना यांना खुर्चीत बसवून जाब विचारता येत नाही. बेळगावचा कारखाना १९१० मध्ये कायमचा बंद पडला असता तर लक्ष्मणरावांच्या नावापुढेही असाच एखादा शेरा पडला असता आणि आम्ही गच्चीवर त्यांचंही उदाहरण देऊन मान हलवली असती.

तो बंद पडला नाही, कारण औंध.

औंध हे साताऱ्याकडचं एक लहानसं संस्थान, मुलूखही सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी पसरलेला. गादीवर नुकतेच आले होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते म्हणून आपल्या पिढीला ते माहीत आहेत. स्वतः उत्तम चित्रकार. चित्रकार होता होता राहिलेला कारखानदार आणि चित्र काढणारा राजा, यांचं जमलं यात मला नवल वाटत नाही, पण हा माझा तर्क झाला. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि वर दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. आजच्या सांगली जिल्ह्यातलं कुंडल तेव्हा औंधकडे होतं. तिथल्या कुंडल रोड नावाच्या छोट्या रेल्वे स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांनी घेतली.

जमीन कसली, माळ. निवडुंग माजलेलं, नागांचं राज्य, पाण्याची ओरड. शेतीला निरुपयोगी, म्हणूनच मिळाली. पण कर्ज देणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा. पहिली गोष्ट, दाराशी रेल्वे. कच्चं लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर पाठवायचे, म्हणजे वजनाचाच सगळा धंदा. बैलगाडीवर तो परवडला नसता. दुसरी गोष्ट, बत्तीस एकर म्हणजे पुढची तीस वर्षं कोणी जागा खाली करा म्हणणार नाही. तिसरी, भोवती शेतकरीच शेतकरी, म्हणजे गिऱ्हाईक कुंपणापाशी. आणि चौथी, जी कोणत्याच ताळेबंदात लिहीत नाहीत: राज्यकर्ता आपल्या बाजूचा. त्याचं कर्ज घाईने परत मागितलं जाणार नाही, परवानगीसाठी खेटे घालावे लागणार नाहीत. कराडजवळची ओगलेवाडी, जिथल्या काचेच्या चिमण्या आणि कंदील आपल्या घरोघर होते, तीही औंधच्याच हद्दीतली. दोन नामांकित मराठी कारखाने एकाच चिमुकल्या संस्थानात उभे राहतात, तेव्हा तो नुसता योगायोग म्हणता येत नाही. तिथल्या लोकांचं रक्त शेजारच्या ब्रिटिश मुलखातल्या लोकांपेक्षा वेगळं होतं का?

आपल्याकडे १९६२ साली एमआयडीसी निघाली. आखलेला प्लॉट, रस्ता, पाणी, वीज आधी तयार, मग कारखानदाराला बोलवायचं. भोसरी-चिंचवडला ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांना हे सांगायला नको. बाळासाहेबांनी १९१० मध्ये लहान प्रमाणात तेच केलं होतं. आणि लक्ष्मणरावांचं जन्मशताब्दीचं पोस्टाचं तिकीट निघालं २० जून १९६९ ला, त्यानंतर महिना उलटायच्या आत, १९ जुलैला, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लहान उद्योगाला कर्ज देणं हे आमच्या कामाचाच भाग ठरलं. आमच्या कामात दोष नव्हते असं नाही. पण ओळखीचा राजा नसलेल्या माणसालाही दार वाजवायची सोय झाली.

मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसायला सुरुवात झाली. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं या माळावर राहायला आली. त्या बायांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. बेळगावसारखं शहर सोडून इथे यायचं, पाणी लांबून आणायचं, चुलीपाशी साप निघणार, आणि नवऱ्याचे मालक सांगताहेत की इथे गाव होणार! आपली सोसायटी झाली तेव्हा वर्षभर टँकर आणि अर्धवट जिने होते, तर आपण बिल्डरला किती बोल लावले ते आठवा.

माणसं जमवण्यात मात्र लक्ष्मणरावांचा हात कोणी धरला नसता, आणि इथे मी पूर्ण श्रेय त्यांनाच देतो. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था बघितली. शंभोराव जांभेकर यंत्रांचे जादूगार. मंगेशराव रेगे हिशेब आणि कारकुनी सांभाळायचे. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. अनंतराव फळणीकर तर शाळा सोडलेले, पण कल्पक इंजिनियर निघाले. पदवी कोणापाशी नव्हती. लक्ष्मणराव स्वतः वर्गात न रमलेले असल्यामुळे असेल, पण त्यांनी सर्टिफिकेट न बघता हात बघितले. रात्रीच्या राखणीला त्यांनी ठेवलं दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना, ज्यांना गावात कोणी दारात उभं करत नव्हतं. त्या माणसांनी वाडी जिवापाड राखली. आणि शिवाशिव वाडीत पाळायची नाही हा त्यांचा दंडक होता. १९१० च्या सुमाराला, सनातनी घरात वाढलेल्या माणसाकडून. मी हे केवळ समाजसुधारणा म्हणून सांगत नाही. ज्या गावात निम्म्या माणसांना विहिरीवर आणि भट्टीवर येऊ द्यायचं नाही, त्या गावात कारखान्याला कुशल हात येणार कुठून? आपल्या देशाने जातीपायी किती फोरमन आणि किती मोल्डर गमावले याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं. आयात माल बंद, म्हणजे देशी नांगराला अचानक मागणी. पण त्याच युद्धाने लोखंड, कोळसा, रंगही मिळेनासे झाले. बाजार उघडा आणि कोठार रिकामं. जे मिळेल त्यावर भागवत, पर्याय शोधत त्यांनी भट्टी पेटती ठेवली. याला नशीब म्हणायचं का? युद्ध सगळ्यांसाठीच झालं होतं, पण त्या दिवशी तयार भट्टी, शिकलेले कारागीर आणि रेल्वेचा फाटा ज्याच्याकडे होता त्यालाच त्याचा उपयोग. वाडी आधी चार वर्षं वसलेली होती हे महत्त्वाचं.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. घरच्या पैशावरून लोकांच्या पैशावर येणं ही पायरी आपल्याकडचे अनेक चांगले कारखाने चढतच नाहीत, कारण त्यासाठी आपल्या वह्या दुसऱ्याला दाखवाव्या लागतात. बँकेत मला सगळ्यात जास्त विरोध कशाला झाला असेल तर तो ताळेबंद मागण्याला! त्याच वर्षी कारखान्याचं मासिक निघालं, किर्लोस्कर खबर. संपादक पुतणे शंकरराव. मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला सुरू झालेलं हे पत्र पुढे किर्लोस्कर मासिक झालं, त्याच्यामागून १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर आली. आपल्या आईच्या उशाशी असायची ती मासिकं एका नांगराच्या कारखान्यातून आलेली, हे नव्या पिढीला सांगून खरं वाटत नाही.

पुढचं थोडक्यात. उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप असा पसारा वाढला. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून १९२६ मध्ये परतले आणि पंप, इंजिनं असं नवं वळण लागलं. शिक्षणाने रूढ अर्थाने दुरावलेल्या बापाने मुलाला जगातल्या उत्तम संस्थेत पाठवलं, यातली नोंद घेण्यासारखी बाब ही की आपल्या काळी चाललं ते पुढे चालणार नाही, हे त्यांना कळत होतं. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा एकाच मालावर विसंबून न राहण्याचं महत्त्व पटलं असणार. ज्याचं गिऱ्हाईक शेतकरी, त्याचं नशीबही शेतकऱ्याबरोबरच वरखाली होतं. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला इलेक्ट्रिक, अशा नव्या कंपन्या निघाल्या. हरिहर आणि बंगळूर म्हैसूर संस्थानातली, हेही सहज लक्षात येतं.

सगळं चढतंच राहिलं असं मात्र नाही. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ च्या सुरुवातीला जी जाळपोळ झाली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना सापडला. अडतीस वर्षं उभी केलेली शेड्स, यंत्रं, साचे आगीत गेले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ज्या समाजात जातीचं नाव मनुष्याच्या कामाच्या आधी उच्चारलं जातं, तिथे कारखान्याला आग, पूर, मंदी यांच्या जोडीने हाही एक धोका असतो आणि त्याचा विमा निघत नाही. ज्या वाडीने शिवाशिव दारातच अडवली तिलाच ही झळ लागली.

कारखाना पुन्हा उभा राहिला. जागा होती, आराखडे काढणारी माणसं होती, पुणे-हरिहरचे कारखाने चालू होते, नाव होतं, त्यामुळे पत होती. १९१० मध्ये असं काही झालं असतं तर पहिल्या भट्टीवरच सगळं संपलं असतं. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले तेव्हा वाडीत भट्टी चालू होती आणि कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर किर्लोस्करवाडी हे नाव लागलेलं होतं. आपल्यापैकी जे कोल्हापूरला गाडीने जातात त्यांना ती पाटी सांगलीच्या अलीकडे दिसते.

आपल्या विंगमधल्या त्या मुलाला, त्याचे वडील हरकत घेणार नाहीत असं धरून, माझा निरोप आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट आणि तीन वर्षांचे अंदाजी ताळेबंद घेऊन एखाद्या रविवारी सकाळी घरी ये. शेडच्या भाडेकराराची प्रत आणि वीजजोडणीच्या अर्जाची पोच बरोबर आण, ती मी आधी बघणार आहे. पहिला माल विकला जाईपर्यंत घरखर्च कसा चालणार, हे एका कागदावर लिहून आण. चहा काकू देतील.